चौदा कवळ्यांवरचा हक्क

आमच्या ह्यांना कायदा कळायला लागला तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. त्याच दिवशी लॉजच्या अकराही खोल्यांच्या दारांना भोकं पडली. ह्यांनी कुणाकडून तरी ड्रिल मशीन मागून आणलं आणि प्रत्येक दाराच्या आतल्या बाजूला एकेक पाटी बसवली: 'बिल थकल्यास पाहुण्यांचे सामान अडकवून ठेवण्याचा कायदेशीर हक्क व्यवस्थापनास आहे.' व्यवस्थापन म्हणजे हे एकटे. चादरी बदलणारी, चहा करणारी, मोरीतले केस काढणारी आणि रजिस्टर लिहिणारी मी त्यात मोडत नाही. तीन नंबरच्या दाराचं भोक आरपार गेलं. बाहेरून आतला पलंग दिसायला लागला, तेव्हा मी ते साबणाने बुजवलं.

ह्या उत्साहाला कारण झाला बुटांच्या कंपनीचा एक फिरता विक्रेता. तो सहा दिवस राहिला आणि नमुन्यांची मोठी बॅग मागे टाकून बिल न देता पसार झाला. ह्यांनी बॅग उघडली तर आत चाळीस नवे कोरे बूट. दिवसभर हे असे मिरवत होते, जणू बूट ह्यांनी स्वतः शिवले. संध्याकाळी पायात घालून बघायला बसले, तेव्हा चाळीसच्या चाळीस डाव्या पायाचे निघाले. नमुन्याला एकाच पायाचा बूट देतात, म्हणजे विक्रेत्याला तो परस्पर विकून खाता येत नाही. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, पण बॅगेत डोकावल्याबरोबर समजलं होतं. हे मात्र तासभर बॅगेच्या कप्प्यांमध्ये उजवे शोधत होते. मला बघायला मजा येत होती.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. नवऱ्याची फजिती बघणं हा माझा एकुलता एक छंद आहे. कुणी भरतकाम करतं, कुणी शब्दकोडी सोडवतं, मी हे बघते. लग्नाला एकवीस वर्षं झाली. त्यातली पहिली दोन वर्षं मी ह्यांना वेळच्या वेळी बरंच काही सांगून बघितलं आणि दर वेळी 'तुला काय कळतंय त्यातलं' एवढं ऐकून घेतलं. पुढे सांगणं सोडलं आणि हाताची घडी घालून बघायला लागले. ह्यांनीही मला कधी निराश केलं नाही.

बुटांच्या प्रकरणानंतर ह्यांनी धाकट्या भावाला फोन लावला. भाऊजी वकील आहेत आणि त्या घराण्यातली सगळी अक्कल त्यांच्याच वाट्याला आली आहे. फोन स्पीकरवर होता, कारण बोलताना ह्यांना टेबलावर आपटायला दोन्ही हात मोकळे लागतात. भाऊजींनी अर्धा तास शांतपणे समजावून सांगितलं. पाहुण्याने आणलेलं सामान बिल मिळेपर्यंत अडकवून ठेवता येतं. त्याच्या अंगावरच्या कपड्यांना हात लावता येत नाही. अडकवलं म्हणून ते सामान आपलं होत नाही. ते जपायचं, वापरायचं नाही, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. एकदा ते आपल्या हाताने ताब्यातून सोडलं की हक्क संपला. ठरलेले आठवडे उलटूनही पैसे आले नाहीत तर जाहीर नोटीस द्यायची, मग लिलाव, आणि आपले पैसे कापून उरलेले त्याचे त्याला. मी भाजी निवडता निवडता सगळं ऐकलं. ह्यांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि तिथेच त्यांचं पोट भरलं. फोन ठेवून म्हणाले, "बघ, हक्क आहे आपला." उरलेली एकोणतीस मिनिटं कुठे गेली ते विचारण्यात काही अर्थ नव्हता.

मग माझी चादरींची खोली रिकामी झाली. चादरी जिन्याखाली गेल्या आणि खोलीला मुठीएवढं कुलूप लागलं. आता अडकवायला फक्त एक माणूस हवा होता. सापडून सापडला तो आमच्याकडे येणाऱ्यांतला सगळ्यांत सरळ माणूस.

कवळीवाला वर्षातून तीनदा यायचा आणि तीन-तीन आठवडे राहायचा. खोली ठरलेली, सात नंबर, कारण तिथे दिवसभर उजेड असतो आणि ऊन येत नाही. गावात दातांचा डॉक्टर आहे, पण तो नुसते उपटतो. बसवायचे तर मोठ्या शहरात जा म्हणतो, आणि तिथला खर्च ऐकला की माणसं आपलं बोळकंच बरं म्हणून परत फिरतात. कवळीवाला परवडायचा. आल्या आल्या घरोघर जाऊन तोंडाचे साचे घ्यायचा, मग खोलीत बसून एकेक दात लावायचा, एकदा माणसाच्या तोंडात घालून बघायचा आणि शेवटी पक्कं करून द्यायचा. थोडे पैसे आधी, बाकीचे कवळी हातात पडल्यावर. ती बाकी गोळा झाली की आमचं बिल चुकवून दुपारच्या बसने निघायचा. नऊ वर्षं हे असं चाललं आणि कधी एका पैशाची कुरबुर झाली नाही.

तो बोलायला मोजका होता. पण मी चहा घेऊन गेले की हातातलं काम दाखवायचा, आणि मला ते समजणार हे धरून चालायचा. आमच्या घरात ही चैन मला मिळत नाही, म्हणून सात नंबरचा चहा मी नेहमी स्वतः नेत असे. ह्या खेपेला एकदा त्याने साच्यावर बसवलेली एक कवळी माझ्यापुढे धरली. पांढरे दात ओळीने, गुलाबी हिरड्या, अगदी तयार माल. "ताई, नखाने दाबून बघा," म्हणाला. मी दाबलं तर नख हिरडीत रुतलं.

"मेण आहे," तो म्हणाला. "नुसतं मापाला. माणसाने तोंडात घालायचं, आरशात बघायचं, दोन मिनिटांत काढून घ्यायचं. ह्याच्यावर कुणी गरम चहा प्यायला तर दात गळ्यात उतरतील." पुढे हे मेण उकळत्या पाण्याने धुऊन काढतात आणि त्या जागी पक्का माल भरून शिजवतात, तेव्हा कुठे कवळी होते, असं त्याने सांगितलं. माझ्या नखाची खूण त्याने एका गरम पातीने पुसून टाकली. ती हेडमास्तरांची कवळी होती.

अशा चौदा कवळ्या मेणात उभ्या झाल्या आणि कुणाच्या तोंडात घालून बघायच्या आतच कवळीवाला तापाने आडवा झाला. बारा दिवस तो उठला नाही. बारा दिवसांचं भाडं, जेवण, चहा, सगळं बिलावर चढलं. हे रोज सकाळी रजिस्टर उघडून त्या आकड्याकडे बघायचे. एकवीस वर्षांत ह्यांनी माझ्याकडे असं प्रेमाने बघितलेलं मला आठवत नाही. तेराव्या दिवशी तो धरून धरून उठला, स्टोव्ह काढला आणि कामाला लागणार, तोवर हे दारात हजर. पत्र्याची पेटी, तिच्यात त्याची हत्यारं आणि साच्यांसकट त्या चौदा कवळ्या, सगळं उचलून कुलपाआड गेलं.

कवळीवाल्याने हात जोडले नाहीत की आवाज चढवला नाही. पाच दिवस द्या, एवढंच म्हणाला. पाच दिवसांत कवळ्या पक्क्या होतील, लोक बाकी देतील आणि त्यातून बिल चुकेल. दुसरीतल्या पोराला कळेल असा हिशोब होता. ह्यांनी विचारलं, पेटी घेऊन पळालास तर? त्यावर तो म्हणाला की तुमच्या काउंटरशेजारी बसून काम करतो, पेटी डोळ्यांसमोर राहील. ह्यांनी मान हलवली. पेटी एकदा ताब्यातून सोडली की हक्क संपतो म्हणाले. भाऊजींच्या अर्ध्या तासातलं हे एवढंच दुसरं वाक्य ह्यांच्या कानात शिरलं होतं, आणि तेही नेमकं नको त्या वेळी बाहेर आलं. म्हणजे ज्या हत्यारांनी पैसे मिळणार होते, तीच पैशांसाठी कुलपात. असला व्यवहार करायला अक्कल अडकवून ठेवावी लागते.

त्याने पायात चपला सरकवल्या. मग म्हणाला, "मेहुण्याकडून पैसे घेऊन येतो. आठ दिवस लागतील. पेटी गार जागी ठेवा, मालक. उघडू नका आणि कुणाचा हात लागू देऊ नका."

"मला शिकवू नकोस," हे म्हणाले.

अंगावरच्या कपड्यांनिशी तो निघून गेला. अंगावरचे कपडे सोडले हा आपला मोठेपणा आहे, असं ह्यांनी मला दुपारी जेवताना सांगितलं.

आठ दिवस झाले, दहा झाले, तो आला नाही. तोंडावर रुमाल धरलेली माणसं काउंटरशी येऊन विचारून जायची. हे प्रत्येकाला तीच कॅसेट ऐकवायचे: माल माझ्या ताब्यात आहे, कायद्याने आहे. लोक बिचकून परत जायचे. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्याकडे असं काहीतरी होतं जे लोकांना हवं होतं.

मग एका रविवारी सकाळी दहाला हेडमास्तर आले.

हेडमास्तरांनी ह्यांना शाळेत शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे बाकावर उभं केलं होतं. एकदा भर वर्गात 'ठोंब्या' म्हणाले आणि ते नाव पुढची दहा वर्षं ह्यांना चिकटून राहिलं. अजूनही गावात ह्यांच्या वयाचा कुणी भेटला आणि जुन्या गोष्टी निघाल्या की हे विषय बदलतात. आता हेडमास्तर निवृत्त होऊन वाचनालयाचे अध्यक्ष झाले होते. त्या दिवशी दुपारी चारला वाचनालयाचा वर्धापनदिन होता आणि त्यांचं भाषण होतं. ह्या एका भाषणासाठीच त्यांनी कवळी करायला दिली होती. रुमालाआडून ते जे बोलले त्यातलं निम्मं कळलं नाही, पण विनंती आहे हे कळलं. ते आत आल्याबरोबर हे खुर्चीतून ताडकन उठून उभे राहिले होते, ते तसेच उभे होते.

ह्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला इतकं स्वच्छ दिसत होतं, जसं काही त्या डोक्यालाही कुणी भोक पाडलंय. हेडमास्तर, आणि विनंती, आणि ह्यांना. हे म्हणाले, सर, तुमचीच काय, सगळ्या चौदा कवळ्या मी हॉलवर घेऊन येतो. ज्याने त्याने आपली बाकी माझ्याकडे भरायची आणि आपली कवळी न्यायची. बिलही वसूल आणि लोकांचंही काम. हेडमास्तरांनी रुमाल खाली घेतला. ते बोळकं ह्यांच्याकडे बघून हसलं आणि म्हणालं, "हुशार निघालास रे तू."

ह्यांचे कान लाल झाले. पन्नाशीचा माणूस, टक्कल पडलेला, आणि कान लाल. मला हसू आवरेना म्हणून मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. चौदा मेणाच्या कवळ्या. भरलेला हॉल. मधोमध आमचे हे, आणि समोर हेडमास्तर. एकवीस वर्षांत असा मुहूर्त आला नव्हता. एका वाक्याचं काम होतं. अहो, ते मेण आहे. मी ते वाक्य गिळलं, आणि खोटं कशाला बोलू, ते फार गोड लागलं.

दुपारी ह्यांनी जेवणाच्या टेबलावर पेटी उघडली आणि माझी भाजीची सुरी घेऊन एकेक कवळी साच्यावरून उचकटली. साचे प्लॅस्टरचे. एक तडकला, दुसऱ्याचे दोन तुकडे झाले, तिसऱ्याची तर पूडच. हे नारळ फोडावा तसे निवांत फोडत होते. तुकडे पेटीत लोटले आणि कवळ्या एका ताटात मांडल्या, प्रत्येकीखाली नावाची चिठ्ठी. "तू हसतेस का?" त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, कुठे काय. आमटी वाढताना मी ती ताटापासून लांब धरली, कवळ्यांना वाफ लागू नये म्हणून. इतकी मी काळजी घेतली.

साडेतीनला हॉलच्या दारात ह्यांनी टेबल मांडलं. लोक येत होते, पैसे देत होते, कवळी तोंडात घालून खिशातल्या आरशात बघत होते. पाच-पाच वर्षं बसलेले गाल वर आले. एकेकजण टेबलापासून पुढे जाताना मान ताठ करून जायचा. मी तिसऱ्या रांगेत बसून बघत होते. कार्यक्रम सुरू झाला. भाषणं लांबतात आणि माणसं उठून जातात म्हणून आमच्या वाचनालयात चहा आधीच देतात. चहा आला, वाफाळता. हेडमास्तरांनी कप संपवला, रुमालाने ओठ टिपले आणि बोलायला उभे राहिले.

पहिलं वाक्य नीट आलं. दुसऱ्यात शब्द घसरले. तिसऱ्यात त्यांचा वरचा ओठ एका बाजूने आत गेला आणि ते थांबले. त्यांनी तोंडात बोट घातलं आणि बाहेर काढलं तर बोटाबरोबर एक दात आला. तेवढ्यात उजवीकडे कुणीतरी खोकलं, मागे एक म्हातारी थू थू करायला लागली, आणि हॉलभर माणसं ओंजळीत तोंड धरून वाकली. हेडमास्तरांनी गुलाबी गोळा तळहातावर घेतला. त्यात दात वेडेवाकडे अडकले होते. मी ह्यांच्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक. मी जन्मभर ज्याची वाट बघितली तो हा चेहरा. ती दोन मिनिटं मला मिळाली, नाही कशाला म्हणू.

मग हेडमास्तर बोलले. बोबडे बोलले, पण सगळ्यांना कळलं.

"फसवलं त्याने," ते म्हणाले. "मेणाचे दात दिले."

तो म्हणजे कोण, हे कुणाला विचारावं लागलं नाही. आणि त्यांनी ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ह्यांच्या तोंडावर रंग परत आला. हे टेबलामागून पुढे आले आणि म्हणाले की मला त्याचा संशय होताच, म्हणून तर मी त्याची पेटी अडकवली. असं म्हणताना ह्यांचा आवाज जराही कापला नाही, कारण म्हणता म्हणताच ह्यांना ते खरं वाटायला लागलं होतं. लोकांनी माना डोलावल्या. नऊ वर्षांत ज्याने गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना चावायला लावलं, तो चहाच्या एका कपात लफंगा ठरला. कुणीतरी म्हणालं, नऊ वर्षं विश्वास मिळवला, तो ह्याच दिवसासाठी. माणसांना इतका मूर्ख विचार सुचायला एक मिनिटही लागत नाही. चार सुशिक्षित माणसं एकत्र बसली तर त्याहूनही कमी.

मला तेव्हा उभं राहता आलं असतं. म्हणता आलं असतं की ते मेणच असतं, काम अर्धं होतं, आमच्या ह्यांनी ते अर्धवट तुमच्या तोंडात कोंबलं. पण त्याच्या पुढचा प्रश्न ठरलेला होता. तुम्हाला माहीत होतं तर सकाळपासून गप्प का बसलात? ह्या प्रश्नाला मी चार लोकांत काय उत्तर देणार होते? मी कपात उरलेला चहा प्यायले. दात माझे स्वतःचे होते.

लोकांनी पैसे परत मागितले तेव्हा हे म्हणाले, मी काही विकलं नाही, ज्याचं त्याला दिलं, पैसे कवळीवाल्याकडे मागा. ते पटलंही लोकांना. पैसे आमच्या गल्ल्यात राहिले आणि शिव्या त्याच्या नावावर जमा झाल्या.

कवळीवाला तिसऱ्या दिवशी दुपारी आला. आणखी वाळला होता. मेहुणा परगावी गेला होता, त्याची वाट बघण्यात दिवस गेले, एवढं त्याने सांगितलं. स्टँडवर उतरल्यापासून कुणी ओळख दाखवली नव्हती आणि एकाने तर त्याच्या वाटेत थुंकलं होतं, तेही सांगितलं. का ते त्याला अजून कळलेलं नव्हतं. खिशातून पैसे काढून त्याने काउंटरवर ठेवले, पूर्ण बिलाचे. हे अंगठा ओला करून मोजायला लागले. मोजून झाल्यावर पावतीपुस्तक पुढे ओढलं.

तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला.

"ते घेऊ नका," मी म्हटलं. "बिल रविवारीच वसूल झालंय. लोकांच्या बाकीतून. आणि सामान दुसऱ्यांना वाटलंत तेव्हाच तुमचा हक्क संपला. भाऊजींना फोन लावा हवं तर."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू काउंटरच बोलायला लागलं. एकवीस वर्षांत मी चारचौघांसमोर ह्यांना खोडून काढलं नव्हतं. मला वाटलं, आता कवळीवाला माझ्याकडे बघेल. निदान ह्या घरात एक तरी माणूस आहे, असं त्याला वाटेल.

त्याने विचारलं, "कसलं सामान वाटलं लोकांना?"

मी कुलूप उघडून पेटी आणली. त्याने झाकण वर केलं. हत्यारं जागच्या जागी होती. खाली प्लॅस्टरचे तुकडे. त्याने ते एकेक करून बाहेर काढून काउंटरवर मांडले आणि दोन तुकडे जुळवून बघितले. जुळले नाहीत. मग मी त्याला रविवारचं सगळं सांगितलं, ताटापासून ते हेडमास्तरांच्या तळहातापर्यंत. हे मधे मधे 'तसं नव्हे' म्हणत होते, पण कसं ते सांगत नव्हते. कवळीवाल्याने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो काहीतरी मनाशी जुळवत होता.

"ताई," तो म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं. तुम्ही नखाने दाबून बघितलं होतं."

"हो."

"त्यांनी काढल्या तेव्हा तुम्ही तिथे होतात?"

"समोरच होते. जेवण वाढत होते."

तो थांबला. मी काहीतरी कारण सांगेन म्हणून थांबला. बरीच होती. सांगितलं तरी हे ऐकत नाहीत, हे होतं. मला व्यवस्थापनात धरत नाहीत, हेही होतं. पण तो माणूस मला नेहमी खरं सांगायचा आणि मला ते समजणार हे धरून चालायचा. त्याच्यासमोर ती सगळी कारणं ह्यांनी लावलेल्या पाट्यांसारखी वाटली.

"मला ह्यांची फजिती बघायची होती," मी म्हटलं.

त्याने एकदा ह्यांच्याकडे बघितलं. हे एका हातात नोटा आणि दुसऱ्या हातात पावतीपुस्तक घेऊन उभे होते आणि कुणाबद्दल चाललंय ते शोधत आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत होते.

"झाली?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. तुकडे परत पेटीत भरले, अगदी पूडसुद्धा हाताने गोळा करून. ह्यांच्या हातातल्या नोटा घेतल्या. ह्यांनी त्या निमूट सोडल्या, कारण भाऊजींचं नाव निघालं होतं. पेटी जड होती आणि तो तापातून उठलेला. मी काउंटरच्या बाहेर आले आणि वाकून तिची एक कडी धरली, स्टँडपर्यंत तरी पोचवावी म्हणून.

"राहू द्या," तो म्हणाला.

मी कडी सोडेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग त्याने पेटी खांद्यावर घेतली आणि पायऱ्या उतरून गेला.